आभाराची यादी कोणत्या वहीतून काढायची? एका मशिन शॉपच्या दोन वर्षअखेरी

हे प्रकरण कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या मशिन शॉपचं आहे. तिथले हिशेब मी २०१६ पासून बघते. मालकांना विचारून लिहिते आहे. ओळख पटेल अशा गोष्टी आणि काही आकडे बदलले आहेत. ग्राहकांचे आभार मानायला म्हणून जो कार्यक्रम केला, त्यानेच आमचा एक जुना ग्राहक दुखावला. त्या चुकीत माझाही वाटा आहे, म्हणून हे नीट मांडून ठेवावंसं वाटलं.

पार्श्वभूमी

कोल्हापूरचा फौंड्रीचा, म्हणजे धातूच्या ओतकामाचा, धंदा शेतीच्या ऑइल इंजिनांच्या जोरावर वाढला. आता शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगलेच्या पट्ट्यात ट्रॅक्टर, ट्रक, पंप यांची कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, तयार होतात. बऱ्याच फौंड्र्या मशिनिंगचं काम बाहेर देतात. ते करणाऱ्या शेकडो छोट्या शॉपपैकी हे एक. २००३ साली दोन लेथवर सुरू झालेलं, आता सहा सीएनसी आणि दोन व्हीएमसी (संगणकावर चालणाऱ्या मशिनी) आणि बावीस माणसं. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. २०१९ पासून त्यांचा पुतण्या बाहेरचा व्यवहार बघतो.

जॉबवर्कमध्ये माल ग्राहकाचा असतो. फौंड्रीतून कच्चं कास्टिंग चलनावर येतं, आपण टर्निंग, बोअरिंग, ड्रिलिंग करून परत पाठवतो. बिल फौंड्रीच्या नावाने निघतं, पण रोजचा संबंध मालकांशी क्वचितच येतो. संबंध येतो तो स्टोअरकीपरशी, डिस्पॅचच्या सुपरवायझरशी, क्वालिटीच्या माणसाशी. कास्टिंग कापल्यावर आत ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, निघालं, तर तो नग फौंड्रीच्या खात्यावर टाकायचा की आपल्या, म्हणजे सीआर (कास्टिंग रिजेक्शन) की एमआर (मशिनिंग रिजेक्शन), हे क्वालिटीचा माणूस ठरवतो. महिन्याचा नफा-तोटा पुष्कळदा याच एका खुणेवर फिरतो.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद होता. रस्ता खुला झाल्यावर प्रत्येक फौंड्रीच्या दारात टेम्पोंची रांग लागली. तेव्हा एका डिस्पॅच सुपरवायझरने आमच्या शॉपचा माल पहिल्या फेरीत भरून दिला, कारण आमच्या मशिनी रिकाम्या उभ्या आहेत हे त्याला ठाऊक होतं. अण्णा ही गोष्ट अजून सांगतात. पण त्या माणसाला आम्ही कधी काही म्हटलं होतं का? नाही. दरवर्षी दिवाळीला भेटीचे साठ बॉक्स जायचे, ६५० रुपयांचा एक. शॉपमधला मुलगा दुचाकीवरून नेऊन गेटवर ठेवून यायचा. बॉक्स पुढे कोणाच्या टेबलावर जातो, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं.

पहिली वर्षअखेर: डिसेंबर २०२३

शॉपला वीस वर्षं झाली होती. खंडेनवमीला मशिनींची पूजा झाली, लक्ष्मीपूजन झालं, बॉक्स गेले. पुतण्याचं म्हणणं पडलं की वीस वर्षांचं काहीतरी मोठं व्हायला हवं: हायवेवरच्या हॉटेलात संध्याकाळ, गाणी, जेवण, प्रत्येकाला स्मृतिचिन्ह. अण्णांना इतका खर्च पटत नव्हता, पण पोराचा हुरूप मोडायचा नाही म्हणून ते हो म्हणाले. अंदाज निघाला एक लाख साठ हजारांचा. मी तो तपासून सही केली.

इथे दोन निर्णय झाले, आणि दोन्ही आम्ही निर्णय म्हणून घेतलेच नाहीत.

पहिला तारखेचा. हॉटेलचा हॉल २८ डिसेंबरला सहज मिळाला, दरही कमी लावला. तो का रिकामा आहे हे कोणी विचारलं नाही. २८ डिसेंबर २०२३ हा मार्गशीर्षातला गुरुवार होता. आमच्याकडे घरोघरी त्या दिवशी महालक्ष्मीचा घट मांडतात, संध्याकाळी पूजा आणि नैवेद्य असतो, आणि कित्येक घरांत तो महिनाभर सामिष शिजत नाही. माझ्या स्वतःच्या घरी घट होता. पण मी कॅलेंडर उघडलं ते बँकेच्या सुट्ट्या आणि जीएसटीच्या तारखा बघायला.

दुसरा निर्णय यादीचा, आणि मला आज तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. पुतण्याने माझ्याकडे ग्राहकांची यादी मागितली आणि मी टॅलीमधून, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून, येणेकऱ्यांची यादी छापून दिली. एकोणीस फर्म, मालकांची नावं, फोन नंबर, आणि शेवटच्या रकान्यात येणं बाकी. आमंत्रणं त्या कागदावरून गेली. त्या कागदावर स्टोअरकीपर नव्हते, क्वालिटीचे लोक नव्हते, २०१९ चा तो सुपरवायझर नव्हता. होते ते मालक, आणि प्रत्येकाच्या नावापुढे थकलेली रक्कम.

एकशे दहा जणांचं जेवण सांगितलं होतं, आले एकेचाळीस. घरच्या बायका जवळजवळ कोणाच्याच आल्या नाहीत. तांबडा-पांढरा रस्सा पातेल्यात तसाच राहिला, वांग्याची भाजी आणि भात पहिल्या तासात संपला. एका मोठ्या कंपनीच्या पर्चेस मॅनेजरने आधीच नम्रपणे कळवलं होतं की पुरवठादाराकडचं जेवण किंवा भेट त्यांना घेता येत नाही. पुतण्याला त्यात आखडूपणा दिसला. मला त्यात एक साधी सूचना दिसायला हवी होती: असे नियम आहेत, आणि आमंत्रण द्यायच्या आधी ते विचारायचे असतात.

हे सगळं निभावलं असतं. पण रात्री साडेनऊच्या सुमारास एका फौंड्रीचे मालक ताट घेऊन दोन परिचितांशी बोलत उभे होते. त्यांच्याकडून नव्वद दिवसांच्या वरची बरीच रक्कम यायची होती. त्या हिवाळ्यात पंचेचाळीस दिवसांच्या नियमाची चर्चा वसाहतीत सगळ्यांच्या तोंडी होती: सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं देणं मुदतीत दिलं नाही, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात वजा धरला जाणार नाही, ही आयकर कायद्यातली ४३बी कलमाची नवी तरतूद. पुतण्या तिथे गेला आणि हसत म्हणाला, "साहेब, जेवण झालं, आता आमचं पेमेंट पण होऊ दे की. नाहीतर मार्चला तुमचीच अडचण व्हायची."

त्यांनी ताट टेबलावर ठेवलं, "बघतो" म्हणाले, आणि पाच मिनिटांत निघाले. स्मृतिचिन्ह खुर्चीवरच राहिलं.

अडचण

जानेवारीत त्या फौंड्रीचं शेड्यूल, म्हणजे महिन्याचं ठरलेलं काम, कमी आलं, फेब्रुवारीत आणखी कमी. महिन्याला साधारण सहा लाखांचं काम चारवर आलं. सगळं त्या एका वाक्यामुळे, असं मी म्हणणार नाही. त्या काळात त्यांच्याकडेही एका भागाची मागणी घटली होती. पण त्यांच्या स्टोअरकीपरने आमच्या फोरमनला खासगीत सांगितलं, "मालकांना लागलंय ते. बोलावून घेऊन मागितलं म्हणाले."

बोलावून घेऊन मागितलं. या तीन शब्दांवर आम्ही बराच काळ अडकून होतो. येणं मागण्यात चूक नव्हती, ते आमच्या हक्काचंच होतं. पण ज्या ताटावर आभार म्हणून बसवलं, त्याच ताटावर मागितलं, की ते आभार उरत नाहीत. आणि पुतण्याच्या डोक्यात ती रक्कम का होती? मी दिलेल्या कागदावर ती छापलेली होती.

फेब्रुवारीत अण्णा आणि पुतण्या त्यांच्या ऑफिसात गेले. पुतण्याने स्वतः माफी मागितली. अण्णांनी बोलणं हातात घेतलं नाही, गप्प बसून राहिले, हे त्यांनी फार बरोबर केलं. थकलेल्या येण्याचा विषय त्या दिवशी काढायचा नाही हे आधीच ठरलं होतं. त्याचं स्मरणपत्र मी नेहमीप्रमाणे महिन्याच्या पाच तारखेला हिशेबाच्या मार्गाने पाठवलं.

पुढच्या वर्षासाठी तोललेले पर्याय

सप्टेंबर २०२४ मध्ये आम्ही चौघं बसलो: अण्णा, पुतण्या, फोरमन आणि मी. फोरमनला पहिल्यांदाच बोलावलं होतं.

तेच जेवण, पण दिवस बघून, हा पहिला विचार. तो लवकरच बाजूला पडला. तारीख दुरुस्त झाली असती, यादी तीच राहिली असती.

अण्णांचा कल पुन्हा बॉक्सकडे होता. "निदान कोणाचं मन तरी दुखत नाही," ते म्हणाले. खरं होतं. पण कोणाच्या मनापर्यंत ते पोचतही नव्हते.

पुतण्याने दराचा पर्याय मांडला: वर्षअखेरीला सगळ्या ग्राहकांना एक टक्का क्रेडिट नोट. पर्चेसवाल्यांना हे नक्की आवडलं असतं. पण जॉबवर्कच्या दरात एकदा दिलेली सूट पुढच्या वर्षी सूट राहत नाही, तोच मूळ दर होतो आणि वाटाघाट तिथून खाली सुरू होते. शिवाय चलनावर सही करणाऱ्या माणसाला त्यातलं काहीच कळत नाही.

चौथा पर्याय फोरमनने चाचरत सांगितला, कारण वसाहतीत तो चालतो. स्टोअर आणि क्वालिटीच्या माणसांना दिवाळीला घरी जाऊन वेगळं काहीतरी द्यायचं. यावर सर्वांत जास्त वेळ गेला. आमचे आभार ज्यांच्यापर्यंत पोचत नव्हते ती हीच माणसं, त्यामुळे दिशा बरोबर वाटत होती. पण जो माणूस उद्या आपल्या नगावर सीआर की एमआर लिहिणार आहे, त्याला आज घरी जाऊन पाकीट द्यायचं, याला आभार म्हणता येत नाही. तो प्रामाणिक असेल तर त्याला अपमान वाटेल, आणि नसेल तर दर वर्षी पाकीट जाड करावं लागेल. अण्णा एवढंच म्हणाले, "जे त्याच्या मालकासमोर देता येत नाही, ते द्यायचं नाही." हाच पुढे आमचा निकष ठरला.

यादी बदलली

मग मी म्हटलं की या वेळी टॅलीतून यादी काढायची नाही. फोरमनने चलनबुकं आणली, वर्षभराची चौदा. प्रत्येक चलनाखाली माल घेणाऱ्याची सही असते. त्या सह्यांवरून आम्ही नावं लावत गेलो. काही सह्या वाचता येईनात, पण ऑपरेटर लांबून बघून सांगायचे: "ही रात्रपाळीच्या भाऊंची, ते बाराला पण गेट उघडून माल घेतात." दोन दिवसांत चौतीस नावं झाली. त्यातली एकोणतीस माझ्या लेजरमध्ये कुठेच नव्हती. आठ वर्षं मी या शॉपचे हिशेब बघत होते आणि शॉप ज्यांच्या जिवावर चालतं त्यांची नावं मला माहीत नव्हती. त्या दिवशी मला वाईट वाटलं, आणि अजून वाटतं.

प्रत्येक नावापुढे अट एकच: या माणसाने नेमकं काय केलं ते एका वाक्यात लिहायचं. "सहकार्य केलं" असं चालणार नाही. ज्याच्यापुढे वाक्य सुचेना, त्याच्यासाठी ऑपरेटरांना विचारायचं. याला तीन आठवडे लागले. पुतण्या या कामात मनापासून उतरला. मशिनवरच्या लोकांशी इतकं बोलणं त्याचं आधी कधी झालं नव्हतं.

काय केलं

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या ग्राहकांच्या मालकांना किंवा पर्चेसला लेखी विचारलं: आम्हाला तुमच्या अमुक माणसांचे आभार मानायचे आहेत, पत्र, सकाळचा नाष्टा आणि एक किलो गूळ, यातलं काय चालेल? दोन कंपन्यांनी कळवलं की फक्त पत्र चालेल, वस्तू नको. तिथे पत्रच गेलं. बाकीच्यांनी आनंदाने हो म्हटलं.

दिवस ठरवताना या वेळी कॅलेंडर नीट बघितलं. डिसेंबर २०२४ जवळजवळ पूर्ण मार्गशीर्षातच होता. गुरुवार, संकष्टी, एकादशी टाळून शनिवार २१ डिसेंबर, सकाळी दहा ते एक. जागा आमचंच शॉप. खाणं मिसळ-पाव आणि चहा, म्हणजे कोणाच्या व्रताची अडचण नको. गूळ अण्णांच्या गावच्या गुऱ्हाळातला. त्या दिवसांत गुऱ्हाळं चालू असतात आणि कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे. पण अण्णांनी तो निवडला तो आपल्या शिवारातला म्हणून. सगळ्यांना सारखा एक किलोचा रवा, म्हणजे छोटी ढेप, मालक असो की हेल्पर.

त्या दिवसाचे दोन नियम होते. थकलेल्या येण्याचा विषय काढायचा नाही. नवीन काम मागायचं नाही. पुतण्याने स्वतःहून वाढप्याचं काम घेतलं.

भाषण झालं नाही. पाहुणे चार-चारच्या गटाने मशिनींपाशी गेले आणि ऑपरेटरांनी काम दाखवलं. बरीच वर्षं कच्चं कास्टिंग भरून देणाऱ्या एका हेल्परने त्याचा बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, तयार होताना पहिल्यांदा बघितला. त्याने नग हातात घेऊन बोट आतून फिरवलं आणि बराच वेळ तो खाली ठेवला नाही. २०१९ चा तो डिस्पॅच सुपरवायझर आला होता. त्याचं पत्र अण्णांनी स्वतः लिहिलं होतं: "महापुरानंतर रस्ता सुरू झाला त्या दिवशी तुम्ही आमची पहिली गाडी भरलीत. त्या आठवड्याचा पगार आम्ही वेळेवर देऊ शकलो." त्याने ते वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाला, "अण्णा, मी तर विसरलो होतो."

हिशेबाच्या बाजूने थोडंसं. भेट म्हणून दिलेल्या वस्तूंवरच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही, कलम १७(५) मध्ये ते अडवलेलं आहे. अशा खाण्यापिण्याच्या खर्चाचंही तसंच. ते क्रेडिट आम्ही दोन्ही वर्षी घेतलं नाही. तेव्हाच्या आयकर कायद्यातल्या १९४आर कलमाचा दहा टक्के टीडीएस एका व्यक्तीला वर्षात वीस हजारांच्या वर लाभ दिला तर लागायचा. एक किलो गूळ त्याच्या आसपासही जात नाही. खर्च धंद्याचा म्हणून दाखवायला बिलं आणि कोणाला काय दिलं त्याची यादी फाइलला लावली. सगळा मिळून खर्च एकोणतीस हजार झाला.

काय निष्पन्न झालं

दुखावलेले फौंड्रीमालक आले नाहीत, पण त्यांनी आपली तीन माणसं पाठवली. हे मला त्यांचं मोठेपण वाटतं. त्यांचं काम आता महिन्याला पाच लाखांच्या आसपास आहे. पूर्वीइतकं झालेलं नाही.

मिसळीने धंदा वाढला असा दावा मी करणार नाही. एक गोष्ट मात्र थेट त्या सकाळीतून निघाली. एका फौंड्रीचा क्वालिटी इन्स्पेक्टर व्हीएमसीपाशी उभा असताना ऑपरेटरने ब्लोहोल निघालेला नग दाखवला आणि म्हणाला, "हे आम्ही पहिल्याच कटला बघतो, पण पुढचं सगळं मशिनिंग करूनच पाठवतो. नाहीतर तुम्ही म्हणणार आम्ही फोडलं." इन्स्पेक्टरला हे माहीतच नव्हतं. जानेवारीपासून दर बुधवारी तो शॉपमध्ये येतो, पहिल्या कटला थांबवलेले नग दोघं मिळून बघतात, खडूने गोल करतात आणि तिथेच निर्णय लिहितात. वाया जाणारं मशिनिंग वाचलं, आणि सीआर-एमआरचे वाद जवळजवळ थांबले. या इन्स्पेक्टरला आम्ही गुळाशिवाय काही दिलेलं नाही, आणि तो आजही आमच्या चुकीचा नग आमच्याच खात्यावर लिहितो.

दुसरा बदल फोनचा. आता स्टोअरमधून आदल्या संध्याकाळी निरोप येतो की उद्या अमुक नग येणार, फिक्स्चर (नग पकडून ठेवणारा साचा) लावून ठेवा.

वेगळं काय करता आलं असतं

एक पत्र आमच्या चांगल्याच अंगाशी आलं. ज्या कंपनीने फक्त पत्र चालेल म्हटलं होतं, तिथल्या स्टोअरकीपरचं पत्र आम्ही त्याच्या वरिष्ठांमार्फत दिलं. त्यात लिहिलं होतं की रात्री उशिरा आलेला माल ते थांबून उतरवून घेतात. वरिष्ठांनी त्याला विचारलं, वेळेनंतर माल घ्यायला कोणी सांगितलं, आणि पुरवठादार तुझी एवढी स्तुती का करतो? त्याने आम्हाला काही ऐकवलं नाही. फोरमनला दुसरीकडून कळलं. मी आणि अण्णा जाऊन वरिष्ठांना भेटलो, रात्री माल का यायचा हे सांगितलं, ते निवळलं. पण त्या माणसाला आठवडाभर खालमानेने वावरावं लागलं ते आमच्या आभारामुळे. पत्र पाठवण्याआधी ज्याचं त्याला वाचून दाखवायला हवं होतं. या वर्षीपासून तसंच करतो.

पहिल्या वर्षीच्या अपेशाबद्दल बाकीचे पुतण्याकडे बोट दाखवतात. मी दाखवत नाही. येणं बाकीचा रकाना मी लपवून यादी छापू शकले असते, दोन क्लिकचं काम होतं. त्याहून आधी, यादी कशासाठी हवी हे विचारू शकले असते.

आणि एक माणूस आमच्याकडून सुटला. पाहुण्यांना घेऊन आलेला टेम्पोचा ड्रायव्हर गेटबाहेर गाडीतच बसून होता. चलनावर त्याची सही नसते, म्हणून चौतीस नावांत तो नव्हता. रात्री-अपरात्री आमचा सगळा माल ने-आण करणारा तोच. साडेअकराला एका ऑपरेटरच्या लक्षात आलं आणि त्याने मिसळीची प्लेट बाहेर नेऊन दिली. आत बोलावलं तर तो संकोचाने आला नाही.

फोरमनने आता चलनबुकाच्या कव्हरच्या आत पेन्सिलने लिहायला सुरुवात केली आहे: तारीख, नाव, काय केलं. नव्या बुकातली पहिली नोंद त्या ड्रायव्हरची आहे. जूनमध्ये पाऊस सुरू झाला तेव्हा त्याने न सांगता स्वतःची ताडपत्री आमच्या तयार नगांवर टाकली होती.